मेंदूतली गाठ ओळखायची कशी: नवीन रेसिडेंटसाठी, वयापासून रिपोर्टपर्यंत

न्यूरोचं पोस्टिंग लागलं की बहुतेक जण पहिल्या आठवड्यात ट्यूमरची यादी पाठ करायला घेतात. ग्लायोब्लास्टोमा म्हटलं की नेक्रोसिस, मेनिन्जिओमा म्हटलं की सॅमोमा बॉडी, मेड्युलोब्लास्टोमा म्हटलं की रोझेट, अशी नावं आणि पुढे खुणा. व्हायवाला हे चालून जातं पण समोर खरी फिल्म आली की गोची होते, कारण पाठांतर असतं नावाकडून खुणेकडे आणि काम असतं बरोब्बर उलटं, खुणेवरून नावाकडे. मी स्वतः आधी रेडिओलॉजीच्या आणि मग पॅथॉलॉजीच्या बाजूने यातून गेलोय, आणि आता ज्युनियर्सना जे दर वेळी तोंडी सांगतो तेच इथे एकदा लिहून टाकतोय.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. एकच चित्र, पण पेशंटचं वय बदललं की नाव बदलतं. लहान मेंदूत पाण्याची मोठी सिस्ट आणि तिच्या भिंतीला चिकटलेली एक छोटी चमकणारी गाठ, हे सात वर्षांच्या पोरात दिसलं तर पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा, पस्तिशीच्या माणसात दिसलं तर हेमँजिओब्लास्टोमा, आणि पासष्टीच्या पुढे दिसलं तर आधी छातीचा सीटी मागवा, मेटास्टॅसिस (शरीरात दुसरीकडून पसरलेला कॅन्सर) नाही ना ते बघा. फिल्म तीच! म्हणून खालच्या पायऱ्या क्रमाने घ्या, मधली उडी मारू नका.

(घरच्या कोणाचा रिपोर्ट हातात घेऊन कोणी हे वाचत असेल तर यातले शब्द समजून घ्यायला आणि डॉक्टरांना नीट प्रश्न विचारायला वापरा, स्वतः निदान करायला नको.)

हाताशी काय काय हवं

- पेशंटचं वय, तक्रार किती दिवसांची, आधी कुठला कॅन्सर होता का, डोक्याला रेडिएशन मिळालंय का, इम्युनिटी कमी करणारा आजार किंवा औषध चालू आहे का
- एमआरआय, कॉन्ट्रास्टच्या आधीचा आणि नंतरचा दोन्ही. टी१, टी२, फ्लेअर (मोकळं पाणी काळं करून दाखवणारा टी२), डिफ्युजन (पाणी कुठे अडतंय ते दाखवणारा) आणि त्याचा एडीसी मॅप (पाणी अडतं तिथे काळा), शिवाय ससेप्टिबिलिटी (रक्त आणि कॅल्शियम दाखवणारा)
- साधा सीटी. कॅल्शियम आणि हाड बघायला अजूनही याच्याइतकं सोपं काही नाही
- जुने स्कॅन असतील तर सगळे
- स्टेरॉइड सुरू केलंय का आणि कधीपासून (का विचारायचं ते पुढे येतं)
- ऑपरेशन झालं असेल तर स्लाइड, इम्युनोचा (पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून बघतात त्याचा) रिपोर्ट, आणि पॅराफिन ब्लॉक कुठे ठेवलाय त्याची माहिती

१. फिल्म उघडायच्या आधी वय बघा

मोठ्या माणसांत मेंदूत सगळ्यात जास्त सापडते ती बाहेरून आलेली गाठ, म्हणजे मेटास्टॅसिस. फुफ्फुस, स्तन, मेलॅनोमा, किडनी, आतडं हे नेहमीचे स्रोत. मेंदूतच किंवा त्याच्या आवरणात सुरू झालेल्या गाठी धरल्या तर मेनिन्जिओमा पहिला, आणि त्यातल्या घातक तेवढ्याच मोजल्या तर ग्लायोब्लास्टोमा पहिला, घातक प्रायमरीपैकी जवळपास निम्म्या याच असतात. त्यानंतर पिट्यूटरी अ‍ॅडेनोमा, श्वानोमा, ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा, लिम्फोमा वगैरे. यातल्या बहुतेक गाठी टेन्टोरियमच्या, म्हणजे मोठा मेंदू आणि लहान मेंदू यांच्यामधल्या पडद्याच्या, वर असतात.

मुलांत मेटास्टॅसिस जवळजवळ विसरून जा. तिथे पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा, मेड्युलोब्लास्टोमा, एपेन्डिमोमा, ब्रेनस्टेमचा ग्लायोमा आणि क्रॅनिओफॅरिंजिओमा ही नावं आधी यायला हवीत. आणि साधारण शाळकरी वयात गाठ टेन्टोरियमच्या खाली, पोस्टेरियर फोसात (लहान मेंदू आणि ब्रेनस्टेम असतात त्या मागच्या खोलगट भागात) असायची शक्यता मोठी.

इथला सापळा: "मुलं म्हणजे खाली, मोठे म्हणजे वर" हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं पण वर्षाच्या आतल्या बाळांना ते लागू पडत नाही, त्यांच्यात वरच्या गाठीच जास्त सापडतात. शिवाय तीन वर्षांखालचं मूल आणि मेड्युलोब्लास्टोमासारखी दिसणारी गाठ असेल तर एटीआरटी (लहान बाळांतली फार घातक गाठ) मनात आलाच पाहिजे.

तक्रारीतही वयाचा फरक दिसतो. मोठ्यांत पहिल्यांदाच आलेली फिट, स्वभावात बदल, एका बाजूची ताकद कमी होणं. मुलांत सकाळी उठल्या उठल्या डोकेदुखी आणि उलटी, चालताना झोक जाणं, तिरळेपणा. बाळाची टाळू अजून भरलेली नसते त्यामुळे डोक्याचा घेर वाढत जातो आणि बाकी लक्षणं उशिरा येतात. सकाळच्या उलट्या पोटाच्या समजून बरेच दिवस औषध चालू राहणं हे मुलांच्या बाबतीत फार वेळा होतं, त्यामुळे हिस्ट्री घेताना उलटीची वेळ विचाराच.

२. गाठ मेंदूच्या आत आहे की बाहेर

ही पायरी लोक घाईत सोडून देतात आणि मग मेनिन्जिओमाला ग्लायोमा म्हणून बसतात. बाहेरच्या गाठीच्या खुणा बघा: गाठ आणि मेंदू यांच्या मधे सीएसएफची (मेंदूभोवतीच्या पाण्याची) बारीक फट, ड्युरावर (मेंदूच्या बाहेरच्या जाड आवरणावर) रुंद बैठक, आत ढकलला गेलेला कॉर्टेक्स, शेजारचं हाड जाड झालेलं. मोठ्या माणसात, त्यातही बायकांत, ड्युराला चिकटलेली आणि एकसारखी चमकणारी गाठ दिसली तर मेनिन्जिओमा हेच पहिलं नाव.

ड्युरल टेल, म्हणजे गाठीपासून ड्युरावर पसरलेली चमकणारी शेपटी, दिसली म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका. ड्युरावर बसलेला मेटास्टॅसिस, लिम्फोमा, सार्कॉइड यांतही टेल दिसते. आणि लहान मुलात मेनिन्जिओमा दिसला तर तिथेच थांबायचं आणि विचारायचं, एनएफ२ (न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप २ हा जनुकीय आजार) आहे का, की आधी कधी डोक्याला रेडिएशन मिळालंय?

३. नेमकी जागा

आत की बाहेर ठरलं की मग पत्ता. अर्धं निदान इथेच होतं, म्हणून या पायरीला वेळ द्या.

*मुलांचा पोस्टेरियर फोसा.* परीक्षेत हाच येतो आणि ओपीडीतही हाच. चार नावांत फरक करायचा असतो. गाठ मधोमध, व्हर्मिसमधून (लहान मेंदूच्या मधल्या भागातून) किंवा चौथ्या व्हेंट्रिकलच्या (ब्रेनस्टेम आणि लहान मेंदू यांच्यामधल्या पाण्याच्या पोकळीच्या) छतातून आलेली, सीटीवर दाट, डिफ्युजनला अडलेली म्हणजे एडीसीवर काळी, तर मेड्युलोब्लास्टोमा. चौथ्या व्हेंट्रिकलच्या तळातून आलेली, आणि लुश्का व मॅजेन्डीच्या भोकांतून बाहेर सरकलेली, आत कॅल्शियम, तर एपेन्डिमोमा. लहान मेंदूच्या एका बाजूला सिस्ट आणि नोड्यूल, एडीसीवर उजळ, तर पायलोसायटिक. आणि पॉन्सच (ब्रेनस्टेमचा मधला भाग) फुगलेला, बॅसिलर आर्टरीला कवेत घेतलेलं, कॉन्ट्रास्ट फारसं नाही, आणि थोड्याच दिवसांत क्रेनियल नर्व्हची लक्षणं उभी राहिली, तर डिफ्यूज मिडलाइन ग्लायोमा, ज्याला अजूनही वॉर्डात सगळे डीआयपीजीच म्हणतात.

या चौघांत एकच सिक्वेन्स बघायची परवानगी मिळाली तर मी एडीसी बघेन. मेड्युलोब्लास्टोमा सगळ्यात काळा, पायलोसायटिक सगळ्यात उजळ, एपेन्डिमोमा मधे कुठेतरी. पेशींची गर्दी जेवढी जास्त तेवढं पाणी कमी हलतं, एवढंच त्यामागचं लॉजिक आहे, त्यामुळे पाठ करायची गरजच पडत नाही.

अपवाद लक्षात असू द्या. किशोरवयात आणि मोठ्यांत मेड्युलोब्लास्टोमा मधे न येता बाजूच्या हेमिस्फिअरमध्ये येऊ शकतो, हे बहुधा एसएचएच गटातले (मेड्युलोब्लास्टोमाचे जीन्सवरून गट पाडतात). डब्ल्यूएनटी गटातले चौथ्या व्हेंट्रिकलच्या कडेला, सेरेबेलोपॉन्टाइन अँगलकडे (लहान मेंदू आणि पॉन्स यांच्यामधल्या कोपऱ्याकडे) सरकलेले दिसू शकतात, आणि मुलांत याच गटाचा निकाल सगळ्यात चांगला असतो.

*सेलाच्या आसपास.* सेला म्हणजे पिट्यूटरी ग्रंथी बसते ती हाडाची खोबण. मोठ्यात सेला रुंदावलेली आणि त्यातूनच गाठ वर आलेली असेल तर पिट्यूटरी अ‍ॅडेनोमा, १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर मॅक्रो. फिल्मबरोबर प्रोलॅक्टिन मागवल्याशिवाय सर्जनला फोन करू नका, प्रोलॅक्टिनोमा निघाला तर बहुतेक वेळा आधी गोळ्यांनीच उपचार होतो. मुलात सेलाच्या वर सिस्ट, कॅल्शियम आणि चमकणारी भिंत असं तिन्ही मिळून दिसलं तर क्रॅनिओफॅरिंजिओमा. ही गाठ मुलांत आणि पुन्हा पन्नाशीनंतर अशी दोनदा डोकं वर काढते. मुलांतला प्रकार अ‍ॅडमँटिनोमॅटस, आतलं पाणी जुन्या इंजिन ऑइलसारखं दाट, तर पॅपिलरी प्रकार जवळपास मोठ्यांतच आणि त्यात बीरॅफ व्ही६००ई म्युटेशन. मुलाला खूप तहान आणि खूप लघवी, आणि पिट्यूटरीची दांडी जाड दिसली, तर जर्मिनोमा.

*पिनिअल.* ही मेंदूच्या मधोमध मागे असलेली छोटी ग्रंथी. वर बघता न येणं ही क्लासिक तक्रार. किशोरवयीन मुलगा असेल तर जर्मिनोमा आधी. रक्तात आणि सीएसएफमध्ये एएफपी आणि बीटा एचसीजी पाठवा, कारण मार्कर स्पष्ट वाढलेले असतील तर कधीकधी बायोप्सीची गरजच लागत नाही. एएफपी वाढलंय म्हणजे ती शुद्ध जर्मिनोमा नाही.

*सेरेबेलोपॉन्टाइन अँगल.* मोठ्यांत, एका कानाला कमी ऐकू येतंय, गाठ कानाच्या आतल्या कॅनालमध्ये शिरून त्याला रुंद करतेय, तर व्हेस्टिब्युलर श्वानोमा. कॅनाल मोकळा आणि ड्युरावर बैठक, तर मेनिन्जिओमा. सीएसएफसारखी दिसते पण डिफ्युजनवर पांढरीफटक चमकते, तर एपिडर्मॉइड. दोन्ही बाजूंना श्वानोमा म्हणजे एनएफ२.

*मोठ्यांचा मोठा मेंदू.* जाड, वेडीवाकडी चमकणारी कड, मधे नेक्रोसिस (मेलेला भाग), कॉर्पस कॅलोसम (मेंदूचे दोन अर्धे जोडणारा पूल) ओलांडून पलीकडे गेलेली, तर ग्लायोब्लास्टोमा. व्हेंट्रिकलला लागून, एकसारखी चमकणारी, एडीसीवर काळी, तर लिम्फोमा. ग्रे आणि व्हाइट मॅटरच्या सीमेवर गोल गाठ, तिच्या मानाने सूज खूप, तर मेटास्टॅसिस, आणि ती एकच असू शकते हे कृपया लक्षात ठेवा, "एकच आहे म्हणजे प्रायमरी" हे बरोबर नाही. फ्रंटल लोबमध्ये कॉर्टेक्सपर्यंत आलेली, कॅल्शियम असलेली, बऱ्याच वर्षांच्या फिट्सची हिस्ट्री, तर ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा.

व्हेंट्रिकलमधल्या कोरॉइड प्लेक्सस पॅपिलोमाची एक गंमत आहे, मुलांत तो वर लॅटरल व्हेंट्रिकलमध्ये येतो आणि मोठ्यांत खाली चौथ्यात. बाकी सगळ्या नियमाच्या उलट.

४. कॉन्ट्रास्टवरून ग्रेड ठरवू नका

वेगळी पायरी केली कारण हा गोंधळ सीनियर लोकांतही दिसतो. मोठ्यांच्या डिफ्यूज ग्लायोमात साधारणपणे चमक आली म्हणजे ग्रेड वर, हे ठीक आहे, पण तोच नियम सगळीकडे लावला की घोळ होतो. पायलोसायटिक झगझगीत चमकतो आणि असतो ग्रेड १ (सगळ्यात सौम्य). मेनिन्जिओमा, श्वानोमाही तसेच. उलट पॉन्समधला डिफ्यूज मिडलाइन ग्लायोमा बऱ्याचदा काहीच कॉन्ट्रास्ट घेत नाही आणि असतो ग्रेड ४ (सगळ्यात घातक). कॉन्ट्रास्ट घेतलं याचा अर्थ तिथल्या रक्तवाहिन्यांतून औषध बाहेर झिरपतंय एवढाच.

एक उपयोगाची खूण मात्र जरूर शिका: टी२वर एकसारखी पांढरी आणि फ्लेअरवर मधला भाग काळा पडून फक्त कड उजळ राहिलेली गाठ, मोठ्या माणसात, तर आयडीएच या जीनमध्ये म्युटेशन असलेला अ‍ॅस्ट्रोसायटोमा. दर केसमध्ये दिसत नाही पण नीट दिसली तर सहसा फसवत नाही.

५. ट्यूमर नसलेल्या "गाठी" बाजूला काढा

रिंगसारखी चमकणारी गाठ म्हटली की लगेच ग्लायोब्लास्टोमा लिहू नका. पू झालेला अ‍ॅब्सेस असेल तर रिंगच्या आतला भाग डिफ्युजनवर चमकतो आणि एडीसीवर काळा, ट्यूमरमधल्या नेक्रोसिसमध्ये सहसा उलटं. ट्यूबरक्युलोमा, न्यूरोसिस्टिसर्कोसिस, इम्युनिटी कमी असेल तर टॉक्सोप्लाझ्मा, हे सगळे रिंग करतात. आणि रिंग पूर्ण नाही, कॉर्टेक्सच्या बाजूला उघडी आहे, तर डीमायलिनेशनचा (नर्व्हचं आवरण झिजण्याच्या आजाराचा) विचार करा, कारण त्या माणसाची कवटी उगाच उघडली जाऊ नये.

याच पायरीवर दोन धोके आहेत, दोन्ही उपचारातले. पहिला, लिम्फोमाची शंका असेल आणि पेशंट थांबू शकत असेल तर बायोप्सीच्या आधी स्टेरॉइड देऊ नका, गाठ काही दिवसांत विरघळल्यासारखी होते आणि बायोप्सीत काहीच सापडत नाही (म्हणून वर ती तारीख विचारायला सांगितली). अर्थात पेशंटची शुद्ध हरपत चालली असेल तर जीव आधी. दुसरा, पोस्टेरियर फोसात गाठ आणि हायड्रोसेफॅलस (मेंदूत पाणी साचणं) असताना सीएसएफ तपासायला कंबरेतून सुई घालू नका, हर्निएशन (मेंदू जागेवरून खाली सरकून दाबला जाणं) होऊ शकतं. सायटॉलॉजी ऑपरेशननंतर, साधारण दोन आठवड्यांनी. मेड्युलोब्लास्टोमाची शंका असेल तर पूर्ण स्पाइनचा एमआरआय शक्यतो ऑपरेशनच्या आधीच करून घ्या, नंतर खाली उतरलेलं रक्त आणि खाली पडलेले मेटास्टॅसिस यांत फरक करताना सगळेच हैराण होतात.

६. बाकीचं शरीर बघा

पटकन सांगतो. कातडीवर कॉफीच्या रंगाचे डाग आणि ऑप्टिक नर्व्हची गाठ, एनएफ१. फोरॅमेन ऑफ मन्रोजवळ गाठ आणि चेहऱ्यावर बारीक पुटकुळ्या, फिट्स, ट्यूबरस स्क्लेरोसिस, गाठ म्हणजे सेगा (सबएपेन्डायमल जायंट सेल प्रकारची गाठ). हेमँजिओब्लास्टोमा आणि हिमोग्लोबिन वाढलेलं, किडनी आणि डोळ्याचा पडदा तपासा, व्हॉन हिपेल लिंडाऊ. मोठ्यात मेटास्टॅसिस वाटतोय तर छाती, पोट, स्तन आणि पूर्ण त्वचा.

७. स्लाइडवर

१९२६ मध्ये बेली आणि कुशिंग यांनी ग्लायोमांचं वर्गीकरण केलं ते पेशी कशा दिसतात यावरून, आणि तो पाया अजून उपयोगी आहे. नेहमीच्या खुणा तुम्हाला माहीत असतीलच: मेनिन्जिओमात भोवरे आणि सॅमोमा बॉडी, ग्लायोब्लास्टोमात नेक्रोसिसभोवती रांगा लावलेल्या पेशी आणि मायक्रोव्हॅस्क्युलर प्रोलिफरेशन, एपेन्डिमोमात रक्तवाहिनीभोवती स्यूडोरोझेट, श्वानोमात व्हेरोके बॉडी, ऑलिगोत पेशीभोवती पांढरी पोकळी आणि कोंबड्यांच्या जाळीसारख्या केशवाहिन्या. मी इथे फक्त फसवणाऱ्या जागा सांगतो.

रोझेंथल फायबर दिसले म्हणजे पायलोसायटिक, असं नाही. क्रॅनिओफॅरिंजिओमा किंवा हेमँजिओब्लास्टोमाच्या कडेच्या मेंदूतही ते भरपूर तयार होतात, त्यामुळे बायोप्सी कडेची आली असेल तर रिपोर्ट पूर्ण चुकतो. फिल्म बघूनच स्लाइड वाचा, हे जे वारंवार सांगतात ते याचसाठी. मायक्रोव्हॅस्क्युलर प्रोलिफरेशन पायलोसायटिकमध्येही असतं, म्हणून मुलाच्या लहान मेंदूतल्या गाठीला केवळ त्यावरून हाय ग्रेड म्हणू नका. होमर राइट रोझेट सगळ्या मेड्युलोब्लास्टोमात सापडत नाहीत, नसले म्हणून नाव खोडू नका. मेड्युलोब्लास्टोमासारख्या छोट्या निळ्या पेशी आणि लहान बाळ असेल तर आयएनआय१ चा स्टेन लावाच, केंद्रकातला रंग नाहीसा झाला असेल तर एटीआरटी.

इम्युनोमध्ये एक जुनाच खड्डा आहे. मेटास्टॅसिस की ग्लायोमा हे बघायला एई१/एई३ केराटिन लावलं तर ग्लिअल पेशीही रंगू शकतात, त्यापेक्षा कॅम ५.२ भरवशाचं, सोबत जीफॅप (ग्लिअल पेशींचा मार्कर). आणि व्हॉन हिपेल लिंडाऊच्या पेशंटमध्ये लहान मेंदूतली फेसाळ पेशींची गाठ हेमँजिओब्लास्टोमाही असू शकते आणि किडनीच्या कॅन्सरचा मेटास्टॅसिसही, तिथे इन्हिबिन आणि पॅक्स८ ही जोडी लावा, पहिला पॉझिटिव्ह तर हेमँजिओब्लास्टोमा, दुसरा तर किडनी.

८. मॉलिक्युलर आणि शेवटचा रिपोर्ट

२०१६ पासून डब्ल्यूएचओच्या वर्गीकरणात जीन्स आले आणि २०२१ च्या आवृत्तीत मोठ्यांचे आणि मुलांचे डिफ्यूज ग्लायोमा अधिकृतपणे वेगळे केले गेले. मोठ्यांत आता तीनच कप्पे. आयडीएच म्युटेशन आणि १पी/१९क्यू हे क्रोमोसोमचे दोन्ही हात गेलेले, तर ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा. आयडीएच म्युटेशन आहे पण ते हात शाबूत, तर अ‍ॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड २ ते ४. आयडीएच नॉर्मल, तर ग्लायोब्लास्टोमा, आणि इथे नेक्रोसिस दिसलं नाही तरी टर्ट प्रोमोटर, ईजीएफआर अ‍ॅम्प्लिफिकेशन किंवा ७ नंबरचं क्रोमोसोम वाढून १० नंबरचं गेलेलं यातलं एक जरी सापडलं तरी नाव तेच. जुन्या पुस्तकातलं "सेकंडरी ग्लायोब्लास्टोमा" आता आयडीएच म्युटंट अ‍ॅस्ट्रोसायटोमा ग्रेड ४ झालंय, आणि ग्रेड रोमन आकड्यांत लिहायची पद्धतही गेली. जुने रिपोर्ट वाचताना हे डोक्यात ठेवा.

आयडीएचचा इम्युनो फक्त आर१३२एच हे सगळ्यात कॉमन म्युटेशन पकडतो. पंचावन्नच्या पुढचा पेशंट, स्लाइडवर सरळ ग्लायोब्लास्टोमा, अ‍ॅट्रॅक्स शाबूत, गाठ मिडलाइनला नाही आणि आधी लो ग्रेड ग्लायोमाची हिस्ट्री नाही, तर निगेटिव्ह इम्युनोवर थांबलेलं चालतं. तरुण पेशंट असेल तर सिक्वेन्सिंग पाठवा.

मुलांत प्रश्न वेगळे विचारायचे. पायलोसायटिक वाटतोय तर बीरॅफ फ्यूजन, मिडलाइनचा डिफ्यूज ग्लायोमा तर एच३ के२७, मोठ्या मेंदूतला एपेन्डिमोमा तर झेडएफटीए फ्यूजन, मेड्युलोब्लास्टोमा तर डब्ल्यूएनटी, एसएचएच की बाकीचे दोन गट. मुलाच्या गाठीवर मोठ्यांचं पॅनेल लावून "काहीच सापडलं नाही" असा रिपोर्ट आला तर त्यातून काही सिद्ध होत नाही, पॅनेलमध्ये काय काय होतं ते आधी विचारा.

रिपोर्टच्या शेवटी एनओएस किंवा एनईसी अशी तीन अक्षरं दिसली तर दोन्ही एकच समजू नका. एनईसी म्हणजे टेस्ट झाल्या पण निकाल कुठल्याच कप्प्यात बसत नाही, तिथे केस ट्यूमर बोर्डात ठेवा. एनओएस म्हणजे टेस्ट झाल्याच नाहीत किंवा फेल गेल्या, तिथे लॅबला फोन करून ब्लॉकमध्ये टिश्यू उरलाय का ते विचारा आणि उरला असेल तर उरलेल्या टेस्ट लावायला सांगा.